टंच, घट, केडीएम, पोलकी: सराफाचा शब्द नेमका कशाबद्दल बोलतो?

प्रश्न: आजीच्या डब्यातले दागिने मोडून मुलीच्या लग्नासाठी नवीन करायचे आहेत. पाटल्या, बोरमाळ, तन्मणी, नथ आणि एक माणकाची अंगठी आहे. दोन पेढ्यांवर जाऊन आले. टंच, घट, फाइन, केडीएम, नेट, पोलकी, कल्चर असे शब्द कानावर पडले आणि दोन्हीकडचे आकडे वेगळे निघाले. या शब्दांचे अर्थ काय आणि सावध कुठं राहायचं?

उत्तर:

ताई, दोन पेढ्यांवर दोन आकडे निघाले यात नवल काही नाही. आमच्या घरी सराफीच, आणि हल्ली मी बँकेसाठी तारणाचं सोनं तपासतो. त्यामुळे गावोगावच्या पेढ्यांचे दागिने आणि त्यांच्या पावत्या रोज समोर येतात. त्यावरून एक सांगतो. सराफाचा कुठलाही शब्द ऐकला की तो वजनाबद्दल आहे, कसाबद्दल (म्हणजे सोन्याच्या शुद्धतेबद्दल) आहे की घडणीबद्दल, हे आधी विचारून घ्या. गिऱ्हाईक फसतं तेव्हा शब्द सहसा खराच असतो, पण घडणीचा शब्द कसाच्या जागी किंवा कसाचा शब्द वजनाच्या जागी वापरलेला असतो.

वजनापासून सुरू करू, कारण तुमच्याकडे आजीची यादी असणार आणि तीत तोळे लिहिलेले असणार. जुना तोळा म्हणजे ११.६६४ ग्रॅम. एका तोळ्याचे १२ मासे, एका माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. लाल-काळी गुंज हे खरोखरच वजन म्हणून तागडीत पडायचं. (बी विषारी असते, घरात सापडली तर लहान मुलांपासून लांब ठेवा.) आज बाजारात तोळा म्हणतात तो मात्र सरळ १० ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानं मेट्रिक वजनं आली, सोन्याचा भाव १० ग्रॅमवर निघू लागला आणि नाव तेवढं जुनं राहिलं. यादीत ‘पाटल्या ४ तोळे’ असेल आणि ती यादी आजीच्या लग्नातली असेल, तर काट्यावर साडेशेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ४० ग्रॅम आले आणि कुणी ‘बरोबर चार तोळे’ म्हणालं, तर साडेसहा ग्रॅम कुठं गेले ते विचारा. झीज होते, नाही असं नाही, पण एवढी होत नाही. वाटण्यांच्या वेळी भावाभावांत यावरून कडू बोलणी झालेली मी पाहिली आहेत, आणि दोघंही आपापल्या तोळ्यानं बरोबर असायचे.

खड्यांचं वजन वेगळ्या मापात चालतं. हिऱ्याचा कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. ‘दहा सेंटचा हिरा’ म्हणजे ०.१० कॅरट. राशीच्या खड्याला रत्ती म्हणतात, तिथं गोंधळ आहे: जुनी रत्ती म्हणजे गुंजेएवढी, ०.१२ ग्रॅमची, तर रत्नबाजारातली पक्की रत्ती साधारण ०.१८ ग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरटची. म्हणून खडा घेताना पावतीवर कॅरटच लिहून घ्या. सोन्याचा कॅरट हा वजनाचा नाहीच, तो कसाचा. चोख सोनं २४, म्हणजे २४ भागांत किती भाग सोनं एवढंच तो सांगतो. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५.

टंच म्हणजे हाच कस, शेकड्यात सांगितलेला. ‘९१.६ टंच’ म्हणजे २२ कॅरट, ‘८८ टंच’ म्हणजे साधारण २१. आणि वजनाला टंचानं गुणलं की जे निव्वळ चोख सोनं उरतं ते ‘फाइन’. वीस ग्रॅमचा डाग (म्हणजे एक दागिना) ९१.६ टंचाचा असेल तर फाइन १८.३२ ग्रॅम. सराफ-सराफांतला व्यवहार फाइनवर चालतो. मोड घालताना तुम्हीही फाइनचाच आकडा मागा, कारण त्यात लपवाछपवीला जागा फार कमी राहते.

टंच काढायच्या तीन रीती आहेत. पहिली कसोटीची. काळ्या दगडावर दागिना घासून रेघ ओढायची, तिच्याशेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब फिरवायचा. हलकं सोनं असेल तर रेघ फिकी पडते, कधी हिरवट फेस येतो, पितळेची रेघ तर बघता बघता नाहीशी होते. जाणता माणूस कॅरटभराच्या अंतरानं सांगू शकतो, पण रेघ कुठून ओढली यावर सगळं असतं. पाटलीच्या पाठीवर ओढली तर एक कस, डाखाच्या, म्हणजे जोडाच्या, जागी ओढली तर दुसरा. दुसरी रीत मशीनची. क्ष-किरणांचं ते यंत्र आता बहुतेक मोठ्या पेढ्यांवर असतं, अर्ध्या मिनिटात आकडा देतं आणि दागिन्याला ओरखडाही उठत नाही. मात्र ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलामा असेल तर तांब्याच्या कड्यालाही ते चांगला आकडा देतं. म्हणून शंका आली की आम्ही एका कडेला कानस मारतो आणि मग वाचन घेतो. तिसरी रीत अग्निपरीक्षेची: नमुना काढून, शिशाबरोबर तापवून, चांदी-तांबं वेगळं करून उरलेलं सोनं तोलायचं. सगळ्यात खात्रीची हीच, आणि हॉलमार्क केंद्रात अंतिम निर्णय तिच्यावरच होतो.

आता केडीएम. घडणीचा शब्द कसाच्या जागी वापरला गेल्याचं याहून ठळक उदाहरण नाही. केडीएम म्हणजे कॅडमियम. दागिन्याचे भाग जोडायला डाख लागतो आणि तो मूळ सोन्याहून कमी तापमानाला वितळावा लागतो. पूर्वी त्यात तांबं-चांदी जास्त घालायचे. त्यामुळे पाटल्या २२ कॅरटच्या घडवल्या तरी आटवल्यावर गोळाबेरीज २० किंवा २१ निघायची. कॅडमियम थोडं घातलं तरी डाख कमी तापमानाला वितळतो, म्हणजे डाखात ९२ टक्के सोनं ठेवता येतं आणि कस घसरत नाही. म्हणून ‘केडीएमचे दागिने’ हे चांगल्या कसाचं बिरुद झालं. पण कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांची आणि मूत्रपिंडांची वाट लावतो, म्हणून त्याचा वापर बंद झाला. आता जस्त वगैरे वापरतात. आज कुणी ‘हे केडीएम आहे, हॉलमार्कची गरज नाही’ म्हणालं तर तिथून उठा. जोड कशानं दिला याचं ते उत्तर आहे. कस किती, हा तुमचा प्रश्न तसाच राहतो.

हॉलमार्क हा मात्र खरोखर कसाचा शब्द आहे. भारतीय मानक ब्यूरोनं सोन्यासाठी तो २००० साली आणला, आणि १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांतून सक्तीला सुरुवात झाली. आता दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, कस (२२के९१६ असा) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. हा क्रमांक प्रत्येक डागाला वेगळा. ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिना कुठल्या प्रकारचा, किती कसाचा, कोणत्या केंद्रात तपासला हे दिसतं. अ‍ॅपमध्ये ‘अंगठी’ दिसली आणि तुमच्या हातात गोठ असेल, तर काय समजायचं ते सांगायला नको. सहा अंकी क्रमांकाशिवाय नवा दागिना विकायला १ एप्रिल २०२३ पासून मनाई आहे. दोन ग्रॅमच्या आतले डाग आणि कुंदन, पोलकी, जडावाचे दागिने यांना सूट आहे. ती सूट पुढं उपयोगी पडेल, लक्षात ठेवा. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क ग्राहकाला आहे.

आजीच्या दागिन्यांवर यातलं काहीच नसणार आणि तसं असण्यात बेकायदा काही नाही. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. घरचं जुनं सोनं तुम्ही विकू शकता, मोडीला घालू शकता, किंवा हॉलमार्क केंद्रात थोडं शुल्क भरून स्वतः तपासून घेऊ शकता. मी म्हणेन की पेढीवर जायच्या आधी तेच करा. एक गोष्ट मात्र मनात धरा. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात १४ कॅरटच्या वर दागिने करायला बंदी आली होती, आणि पुढं सैल झालेलं नियंत्रण पूर्ण उठलं ते १९९० साली. त्या पहिल्या काही वर्षांतला एखादा डाग हलक्या कसाचा निघाला, तर आजोबांच्या सोनाराला लगेच चोर ठरवू नका.

‘घट’ हा तुमच्या दोन पेढ्यांच्या फरकाचा खरा धनी. तिचे दोन अर्थ चालतात. जुनं सोनं आटवताना मळ, लाख, डाखातलं जस्त जळून वजन उतरतं, ती एक घट. नवीन दागिना घडवताना कानस, घासकाम, पॉलिश यांत जे जातं म्हणून गिऱ्हाइकाकडून टक्क्यानं घेतात, ती दुसरी. तिला हल्ली वेस्टेज म्हणतात आणि बहुतेक पेढ्या ती मजुरीतच धरतात. तुमच्या पाटल्यांचा हिशेब मांडू. समजा काट्यावर ४० ग्रॅम. समोर आटवल्यावर लगड (वितळवून ओतलेली सोन्याची कांडी) आली ३९.४०० ग्रॅम आणि टंच निघाला ८८. फाइन झालं ३४.६७२. ते ९१६ च्या हिशेबात ३७.८५ ग्रॅम २२ कॅरट. आता दुसऱ्या पेढीनं न आटवता, नुसतं बघून ‘बारा टक्के घट’ धरली तर हातात येतात ३५.२ ग्रॅम. फरक २.६५ ग्रॅमचा. भाव सोपा म्हणून ग्रॅमला १०,००० धरला तरी साडेसव्वीस हजार झाले. शिवाय घट कापून वर पुन्हा ‘मोडीचा भाव’ म्हणून दर कमी लावला, तर एकाच कारणासाठी दोनदा कापलं. तेव्हा सांगा, ‘माझ्यासमोर आटवा आणि फाइन लिहून द्या.’ आटणी पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. चांगला सराफ नाही म्हणणार नाही. मात्र आटवल्यावर दागिना राहत नाही, लगड उरते. पटलं नाही तर लगड घेऊन घरी यायची तयारी ठेवा.

आटणीवरून आठवलं म्हणून सांगतो. केरळात, तमिळनाडूत, उत्तरेत कुठल्याही सराफबाजारात सोनं गाळून देणाऱ्याच्या दुकानात शिरा, मालक मराठीत बोलण्याची शक्यता भरपूर. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं या गलाईच्या धंद्यात देशभर गेली. आणि सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची माती नेऊन, धुऊन त्यातलं सोनं काढणारे झारेकरी. घट म्हणून जे ‘जातं’ त्यातलं बरंचसं असं कुणाच्या ना कुणाच्या हाती परत येतंच.

‘नेट’ म्हणजे निव्वळ सोन्याचं वजन, ‘ग्रॉस’ म्हणजे खडे, मणी, लाख, दोरा धरून सगळं. मंगळसूत्र २१.३०० ग्रॅमचं असेल आणि त्यात काळी पोत २.८५० ग्रॅमची, तर सोनं १८.४५०. काचेच्या मण्यांवर सोन्याचा भाव आणि त्यावर मजुरी लागली, तर वरच्याच दरानं तीसेक हजारांचा फटका. पावतीवर दोन्ही वजनं वेगळी लिहायला लावा. तुमच्या बोरमाळेचं उलट होणार. जुन्या बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. हातात घसघशीत लागतात, पण आटवल्यावर वजन निम्म्यावर आलेलंही मी पाहिलं आहे. सराफ लाखेपोटी वजा करेल ते योग्यच, किती वजा करतो ते मात्र मणी फोडून, लाख जाळून ठरू द्या, अंदाजानं नको. पाटल्या भरीव की पोकळ, हेही यासाठीच विचारतात.

मजुरी आणि घडणावळ एकच. ती टक्क्यानं घेतात किंवा ग्रॅममागे रुपयांत. सोनं वर चढलं की टक्केवारीतली मजुरी आपोआप चढते, काम मात्र तेवढंच. म्हणून साध्या पाटल्या, गोठ, वेढणी यांना ग्रॅमवारी मजुरी मागून बघा. ठुशी, जाळीचं काम, बारीक घुंगरांचा साज यांची मजुरी जास्त असणारच, तिथं घासाघीस करून कारागिराच्या पोटावर येऊ नका. एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी आणि नगामागे थोडं हॉलमार्क शुल्क, याशिवाय तिसरा आकार पावतीवर दिसला तर त्याचं नाव विचारा.

घडणीच्या बाकीच्या शब्दांत सध्या लग्नांत जास्त चालतात ते कुंदन आणि पोलकी. पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला, चपटा कापलेला खरा हिरा. कुंदन ही खडा बसवायची रीत: जवळपास चोख सोन्याचे पातळ पापुद्रे खड्याभोवती दाबून त्याला कोंदणात धरायचं, खाली लाख, खड्यामागे चमकीसाठी पातळ पत्रा. त्या कोंदणात हिरा असेल किंवा काच. ‘कुंदन सेट’ एवढ्या शब्दावरून ते कळत नाही, आणि बाजारातल्या बहुतेक स्वस्त कुंदनात काचच असते. वर हॉलमार्कची सूट याच दागिन्यांना. म्हणून घेताना सोन्याचं निव्वळ वजन, त्याचा कस आणि पोलकीचं कॅरटमधलं वजन हे तीन आकडे पावतीवर वेगवेगळे हवेत. बँकेत तारण ठेवायला येणाऱ्या अशा सेटचा आकडा ऐकून माणसं खुर्चीतच बसून राहतात, कारण आम्ही मोजतो फक्त सोनं. ‘टेम्पल’, ‘अँटिक’, ‘गेरू’ ही नक्षीची आणि झळाळीची नावं. अँटिक म्हणजे जुना नव्हे, काल घडवून काळवंडवलेला. ‘एक ग्रॅम सोन्याचे’ म्हणजे तांब्या-पितळेवर सोन्याचं पाणी. त्यात सोनं ग्रॅमभरही नसतं. बेन्टेक्स, फॉर्मिंग त्याच पंगतीतले. हौसेला छान, मोडीला शून्य.

पांढऱ्या धातूंचं थोडक्यात. ‘व्हाइट गोल्ड’ हे सोनंच, पॅलेडियम किंवा निकेल मिसळून फिकं केलेलं आणि वर रोडियमचं पॉलिश. प्लॅटिनम हा वेगळा धातू, त्यावर ९५० चा शिक्का. ९२५ म्हणजे स्टर्लिंग चांदी. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नावालाही नाही, तांबं, निकेल आणि जस्त आहे. हुपरीच्या पैंजणांचं म्हणाल, तर घेताना चांदीचा टंच विचारून ठेवा. घुंगरू आणि कड्या यांच्या डाखानं तो उतरतो आणि मोडीच्या वेळी वाद होतो.

आता अंगठी. माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची, कुरुंदाची, दोन रूपं. लाल ते माणिक, निळा तो नीलम, आणि आपल्याकडे पुष्कराज म्हणतात तोही पिवळा कुरुंदच. (स्वस्त पुष्कराज म्हणून गळ्यात मारतात तो बहुधा सुनेला, म्हणजे पिवळं स्फटिक.) १९०२ साली व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्वालेत ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पूड वितळवून माणिक बनवायची रीत प्रसिद्ध केली आणि थोड्याच वर्षांत ते माणिक जगभर पोचलं. त्यामुळे ‘आजीचं आहे, खरंच असणार’ हे माणकाच्या बाबतीत चालत नाही. दहापट भिंगातून आत बघितलं की खाणीतल्या माणकात सरळ, कोनात वळलेल्या रेषा आणि रेशमासारखे बारीक तंतू दिसतात. ज्वालेतल्या माणकात वाकड्या, ग्रामोफोनच्या तबकडीवरल्यासारख्या रेषा आणि गोल बुडबुडे. रसायन दोन्हींचं एकच, भावात मात्र जमीन-अस्मान. बाजारात हल्ली तिसराच प्रकार जास्त आहे: खाणीतलं तडकलेलं माणिक, त्याच्या भेगांत शिसं असलेली काच भरलेली. तेही ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात. अशा खड्याला अंगठी लहान-मोठी करताना सोनाराची फुंकणी लागली की काच वाहते आणि खडा पांढुरका पडतो. म्हणून अंगठीला हात लावण्याआधी खडा उतरवून घ्या आणि रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला घ्या. दाखल्यात ‘उपचार’ या ओळीपुढं काय लिहिलंय ते आधी वाचा, नाव नंतर.

हिऱ्याचं तुम्ही विचारलं नाही, पण लग्न आहे म्हणजे विषय निघेल. ‘लॅबग्रोन’ हा रसायनानं खराच हिरा, प्रयोगशाळेत वाढवलेला. परत विकायला गेलात की भाव फार कमी. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे क्यूबिक झिर्कोनिया, हिऱ्याशी नातं नाही. मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, चमक हिऱ्याहून जास्त आणि त्या जास्तीच्या इंद्रधनुषी चमकेवरूनच ओळखू येतो.

राहिले मोती. ‘कल्चर’ ऐकून खोटा समजू नका. शिंपल्यात माणसानं बीज घालून वाढवलेला तो खरा मोती आहे. ‘हैदराबादी’ म्हणजे हैदराबादेत भोक पाडून, प्रतवारी लावून विकलेला. तिथं समुद्र नाही. आणि ‘बसरा’ म्हणजे इराणच्या आखातातला, माणसाचा हात न लागता तयार झालेला. आजीच्या तन्मणीत किंवा नथीत ते असतील तर सोनं बाजूला ठेवा, किंमत त्यांची आहे. दातावर हलकेच घासला की खरा मोती किंचित करकरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. एवढ्यानं खरा-खोटा कळतो. बसरा की कल्चर, ते क्ष-किरण तपासणीतच ठरतं.

म्हणून तुमच्या डब्यापुरतं माझं मत असं. पाटल्या मोडा, समोर आटवून, फाइन लिहून घेऊन. बोरमाळ मोडून हाती फारसं लागणार नाही. मणी शाबूत असतील तर पटवेकऱ्याकडून नव्यानं गाठवून घ्या आणि मुलीला तशीच द्या. अंगठीचा खडा आधी प्रयोगशाळेत. आणि तन्मणी-नथ मोडीच्या ताटात ठेवूच नका. सराफ ‘मोती काढून देतो, सोन्याचे पैसे लावतो’ म्हणेल. नथीत सोनं असून असून ग्रॅम-दोन ग्रॅम, तेवढ्यासाठी तार कापली की मोत्यांची जुळणी गेली, आणि तन्मणीचं खोड (मधलं पदक) सुटलं की ते तसं बसवणारा कारागीर शोधत फिरावं लागेल.